डेन मार्काची खुर्ची

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. तुमच्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात आपल्या पडवीतल्या खुर्चीसारखीच खुर्ची ठेवली आहे, तिच्याभोवती दोरी आहे आणि ‘बसू नये’ अशी पाटी आहे, असं तुम्ही लिहिलंत. फोटो भिंग घेऊन पाहिला. तेच हात, तीच वळलेली पाठ, खाली निमुळते होत गेलेले तेच पाय. फरक एवढाच की त्या खुर्चीची बैठक लोकरीच्या कापडाने मढवलेली आहे आणि आपल्या खुर्चीला मासे धरायचं जाळं आहे. मूळ कापडाचं काय झालं, आणि इतक्या चांगल्या खुर्चीला जाळं लावायची कल्पना कोणाची, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल. दुसऱ्याला वेळ लागेल.

खुर्ची आपल्या घरी आली ती १९९८ साली, तुमचे आजोबा बोटीवरून कायमचे घरी आले त्या वर्षी. तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींची इंजिनं सांभाळली. शेवटची बोट डेन्मार्कमध्ये बांधलेली होती आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. बोट तोडायच्या आधी कप्तानाने प्रत्येकाला एकेक वस्तू निवडायला सांगितली. कोणी घड्याळ घेतलं, कोणी पितळी दिवा. आजोबांनी कप्तानाच्या केबिनमधली खुर्ची मागितली. मला पत्रात कळवलं होतं, ‘एक सामान येत आहे, जागा करून ठेव.’ कपाट येणार असं समजून मी माजघरातली एक भिंत मोकळी केली.

सामानाचा ट्रक देवगडला चालला होता. आपलं सामान त्याने तळेऱ्याच्या तिठ्यावर उतरवून ठेवलं आणि तो निघून गेला. आजोबा टेम्पो घेऊन तिकडे गेले आणि संध्याकाळी तोंडवलीला परत आले तेव्हा टेम्पोच्या मागच्या बाजूला स्वतः त्या खुर्चीत बसले होते, गोणपाटासकट.

गोणपाट सोडलं त्या वेळी आमच्याकडे मासे घेऊन येणारी शेजारीण दारात होती. तिचा नवरा समुद्रावर जायचा आणि ती पाटी घेऊन घरोघरी फिरायची. चौदा वर्षं ती आमच्याकडे येत होती, त्यामुळे पाटी उतरवून पायरीवर बसून सगळ्याची चौकशी करायचा तिला हक्क होता. तिने आजोबांना विचारलं, ही खुर्ची खंयची? आजोबा म्हणाले, “डेन्मार्कची.”

“डेन मार्काची?” ती म्हणाली. “बरो मार्को दिसता.”

आपल्याकडे दुकानात घोडा मार्का, हत्ती मार्का, सूर्य मार्का असा माल येतो. तिला वाटलं, हा डेन नावाचा मार्का असेल. मी तिला समजावून सांगितलं, डेन्मार्क हा देश आहे, नकाशावर अमुक ठिकाणी आहे. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवल्यामुळे चुकीचं काही कानावर पडलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला सांगितलं की बाईंच्या घरी डेन मार्काची खुर्ची आली आहे. पुढे आजोबासुद्धा तेच म्हणायला लागले.

ती खुर्ची तेव्हा कशी होती ते सांगते. लाकूड सागाचं, पण आपल्याकडच्या सागाच्या फर्निचरसारखं जड नाही. एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. कुठे खिळा दिसत नाही. हात पुढे येऊन रुंद होतात, वल्ह्याच्या पात्यासारखे, आणि टोकाला असे गोल केलेले आहेत की तळहात तिथे आपोआप जाऊन बसतो. बैठकीवर शेवाळी रंगाचं लोकरीचं कापड होतं. मी तसं कापड कधी पाहिलं नव्हतं. खारी हवा, भातावरची धूळ, मांजर, पाहुण्यांची पोरं, या सगळ्याचा विचार करून मी पहिल्याच आठवड्यात एक जुनी चादर बेतून तिला खोळ शिवली आणि नियम केला की या खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

तो नियम तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहान असताना मे महिन्यात आलात आणि त्या खुर्चीवर चढून बोट-बोट खेळायला लागलात, तेव्हा मी तुम्हाला रागावले होते. तुमच्यातली धाकटी रडली होती. आजोबा तेव्हा म्हणाले होते, बोटीवर कप्तान सोडून कोणी तिच्यावर बसत नव्हतं, आता कप्तानही बसत नाही. मी ते हसण्यावारी नेलं. ते स्वतः बसायला गेले तरी मी म्हणायची, तुमच्या कपड्यांना तेल आहे. ते मुकाट्याने झोपाळ्यावर जाऊन बसत. सहा वर्षं ती खुर्ची माजघरातल्या मोकळ्या भिंतीपाशी खोळ घालून उभी होती. तुमच्या संग्रहालयातल्यासारखीच, फक्त दोरी नव्हती.

२००४च्या जून महिन्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला. तुम्हाला तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की आजोबांना बरं नाही. कुडाळच्या इस्पितळात दोन आठवडे काढून घरी आलो तेव्हा डावा हात आणि डावा पाय सैल पडलेला होता. वाचा गेली नव्हती, जीभ थोडी जड झाली होती इतकंच. पण ते बोलत नव्हते. ज्या माणसाने कधी पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याला भरायला लावला नाही, त्याला सकाळी उठवायला मी, शेजारीण आणि तिचा नवरा असे तिघे लागत होतो. उचलताना ते डोळे मिटून घेत.

तुमच्या बाबांचा तिकडून, परदेशातून, रोज फोन यायचा. त्यांनी पुण्यात एक ठिकाण शोधून ठेवलं होतं, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारं, चांगलं होतं, मला त्यात काही खोट काढता आली नाही. ते म्हणाले, “आई, तू त्यांना उचलणार आणि एक दिवस तूच पडणार. चतुर्थीला मी येतोय. तोवर त्यांना आपलं आपण उठता-बसता आलं तर ठीक, नाहीतर दोघांना घेऊन पुण्याला जायचं.” मी हो म्हटलं, कारण हिशेब बरोबर होता. आजोबा पलंगावर पडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पलंगाला लागून खिडकी आहे, तिच्यातून सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. तीस वर्षं ते समुद्रावर होते ते या खिडकीपाशी परत येण्यासाठी, हे मला माहीत होतं.

व्यायाम शिकवणारी मुलगी कुडाळहून आठवड्यातून एकदा येत असे. तिने सांगितलं, चालणं नंतर, आधी बसल्या जागेवरून उठणं. दिवसातून दहा वेळा. त्यासाठी घट्ट हातांची, बेताच्या उंचीची खुर्ची हवी. आम्ही घरातलं सगळं करून पाहिलं. प्लॅस्टिकची खुर्ची शहाबादीवर सरकायची. आरामखुर्चीत माणूस बुडून जायचा. पलंगाला धरायला काही नाही, झोपाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. मुलगी इकडेतिकडे बघत होती आणि तिची नजर भिंतीपाशी गेली. तिने विचारलं, त्या खोळीखाली काय आहे?

खोळ मीच काढली. शेवाळी कापड जसंच्या तसं होतं, आणि क्षणभर मला माझ्या टापटिपीचं समाधान वाटलं. आजोबांना आम्ही त्यात बसवलं. त्यांचा उजवा तळहात हाताच्या गोल टोकावर गेला, बोटं वळली, आणि खालून कुजलेलं काही तुटावं तसा आवाज होऊन बैठक मधोमध खचली. आजोबा गुडघे वर करून खुर्चीच्या चौकटीत अडकले. त्यांना बाहेर काढायला चौघे लागले.

खुर्ची उलटी करून पाहिली तेव्हा कळलं. बैठकीखाली रबराचे पट्टे आडवे-उभे ताणलेले होते. खाऱ्या दमट हवेने ते पापडासारखे झाले होते, हात लावला की तुकडे पडत होते. कोणी बसत असतं तर पट्टे सैल झाल्याचं आधीच लक्षात आलं असतं आणि वेळेवर बदलता आले असते. मी खोळ धूत राहिले आणि खाली रबर मरत राहिलं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. आज तुम्हाला लिहिते आहे.

पहिला उपाय माझ्या पद्धतीने केला. तळेऱ्याला रिक्षांच्या सीट शिवणारा एक कारागीर होता. टेपने मापं घेऊन, कागदावर आकृती काढून मी ती त्याच्याकडे पाठवली. त्याने मनापासून काम केलं. तिकडून आली ती फळीवर मढवलेली लालभडक रेक्झिनची गादी, कडेने पांढरा गोट, आत एवढा जाड फोम की आजोबांचे पाय जमिनीला टेकेनात. वर बसलं की माणूस पुढे घसरायचा. शेजारीण म्हणाली, खुर्चीला आता मीटर बसवा म्हणजे मालवणपर्यंतची भाडी घेता येतील. मला हसू आलं नाही. जुलै निम्मा संपला होता.

तिचा नवरा दारात उभा राहून हे बघत होता. तो वयाने आजोबांच्या बरोबरीचा. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा तो आमच्या पडवीत बसून जाळी दुरुस्त करायचा, कारण त्याच्या घराची पडवी गळत असे. जाळी दुरुस्त करणारा त्याच्यासारखा आसपास दुसरा नव्हता. तो खुर्चीपाशी बसला, तिला आडवी केली, पायाच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला.

“खिळो नाय खंय,” तो म्हणाला. “होडी बांधल्यासारी बांधल्यानी.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाईनू, ह्येका जाळा घालूया.”

मी म्हटलं, जाळ्यात मासे राहतात, माणूस कसा बसेल? तो म्हणाला, किनाऱ्यावरून ओढतात त्या अख्ख्या रापणीचे मासे जाळ्यात येतात, ते काही कमी वजनाचे नसतात.

बैठकीची चौकट सुटी करायची होती, पण कशी ते कोणाला कळेना. तेव्हा पलंगावरून आवाज आला. जड आवाज, आठवड्याभरात पहिल्यांदाच ऐकलेला. “खालून चार स्क्रू. खोबरेल सोड. जोर करू नको.” आजोबांनी कूस बदलली होती आणि ते आमच्याकडे बघत होते. मी खोबरेल आणलं. दुसऱ्या दिवशी चारही स्क्रू फिरले.

पुन्हा मी टेप घेऊन बसले. लांबी, रुंदी, कर्ण, सगळं इंचांत लिहून कागद त्याच्या हातात दिला. त्याने कागद आदराने घेतला, घडी करून पानाच्या डब्याखाली ठेवला आणि परत कधी उघडला नाही. त्याचं माप वेगळं होतं. तो आजोबांच्या पलंगापाशी गेला आणि कामाच्या आवाजात विचारलं, “आधी सांगा, मासो कसलो धरूचो आसा?” कारण जाळं विणताना घर किती बोटांचं ठेवायचं ते माशावर ठरतं. तारलीला एक, बांगड्याला दोन, त्याहून मोठ्याला तीन किंवा चार.

आजोबा आढ्याकडे बघत म्हणाले, “म्हातारी मोरी.”

मोरी म्हणजे शार्क. शेजारीण चुलीपाशी मला मदत करत होती, ती तिथूनच म्हणाली, मगे ह्येंका दात खंय आसत? आणि आजोबा हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले.

मोरी मोठी असली तरी त्याने दोन बोटांचंच घर ठरवलं, माणूस हाडांचा असतो, मोठं घर अंगाला रुतेल म्हणून. जाड नायलॉनची दोरी घेतली, रापणीच्या जाळ्याच्या वरच्या काठाला लावतात तसली. पहिल्या दिवशी नुसता चौकटीभोवती काठ बांधला. मग लाकडी सुईत दोरी भरून एकेक गाठ. प्रत्येक गाठ दाताने आवळायची, बोटं घालून बघायची, आणि चौकट गुडघ्यावर दाबून ताण बघायचा. घाई अजिबात नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाणार आणि मग त्याला वेळ नसणार, हे मला ठाऊक होतं आणि मी कॅलेंडरकडे बघत होते. त्याला ते दिसत होतं. एकदा म्हणाला, बाईनू, तुम्ही बघलात म्हणान गाठ बेगिन बसना नाय. तुम्ही बघितलं म्हणून गाठ लवकर बसत नाही. मी कॅलेंडर दुसऱ्या खोलीत लावलं.

आजोबा रोज विणकाम बघत. पलंगावर उशांना टेकवून आम्ही त्यांना बसवायचो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ते चुका काढायला लागले. इथे ताण कमी आहे. तो कोपरा ढिला आहे. शेजारी म्हणायचा, इंजिनवाल्याने जाळ्यात पडू नये. पण तो कोपरा तो सोडवून परत बांधायचा. शेवटची गाठ झाल्यावर त्याने कमरेच्या फडक्याच्या काठाची लाल चिंधी फाडली आणि बैठकीच्या खालच्या बाजूला बांधली. आपलं जाळं दुसऱ्याच्या जाळ्यात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची खूण असते, ही त्याची. जिथे बांधली तिथेच शेजारी लाकडात भाजून उठवलेला कारखान्याचा शिक्का आहे, देशाच्या नावासकट. शेजारीण वाकून बघून म्हणाली, दोन मार्के झाले.

त्या दिवशी दुपारी व्यायामवाली मुलगी आलेली होती. जाळ्याची बैठक चौकटीत घातली, स्क्रू आवळले, खुर्ची पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. आजोबांना बसवलं. जाळं थोडं खाली गेलं आणि तिथे थांबलं. पाय नीट टेकले. तळहात त्या गोल टोकांवर गेले, डावा आम्ही ठेवला.

मुलगी म्हणाली, “वन, टू, थ्री.” शाळेतली कवायत मीही तशीच घ्यायची, म्हणून मीही तिच्याबरोबर मोजायला लागले. दर खेपेला थ्री आलं की आजोबांचे खांदे ताठ व्हायचे, चेहरा लाल व्हायचा आणि अंग जागचं हलायचं नाही. सात-आठ वेळा झालं. ते म्हणाले, “मोजू नका. मोजून इंजिन सुरू होत नाही.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, उचलताना मिटायचे तसे. मुलीला पुढे जायचं होतं. ती म्हणाली, सराव करा, होईल हळूहळू. तिच्या आवाजावरून मला वाटलं की तिचा तितका विश्वास नसावा. चतुर्थीला तीन आठवडे राहिले होते.

ती गेल्यावर पडवीत आम्ही चौघंच होतो. शेजारी आपली सुई, दोरी आवरत होता. तो आवरता आवरता थांबला आणि बायकोला म्हणाला की मोठीच चूक झाली, गाऱ्हाणं घालायचं राहिलं. नवं जाळं पाण्यात टाकायच्या आधी गाऱ्हाणं घालतात, होडीलाही घालतात, घरालाही. मग खुर्चीला का नको? “गाराणा घालूक नाय, मगे जाळा काम कसा करतला?”

तुम्हाला गाऱ्हाणं माहीत नसेल. एकजण उभा राहून, हात जोडून, देवाला मोठ्याने सगळं सांगतो, कोणत्या कामाला निघालो, काय हवं, कशाची भीती आहे ते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीचे सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. गाऱ्हाणं चालू असताना कोणी बसून राहत नाही. हे कोणी शिकवत नाही, पोर चालायला लागलं की तेही उभं राहतं. इंग्रजी शाळेत शिकून आलेली मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा एकदा बसून राहिले होते, आणि सासूबाईंनी एक शब्द न बोलता माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

शेजाऱ्याने हात धुतले, समुद्राकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” शेजारीण आणि मी म्हणालो. आम्ही दोघींनी डोळे मिटले होते.

“आज ह्या डेन मार्काच्या खुर्चेक तुझ्या लेकरान नवा जाळा घातलेला आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“त्यात बसतल्या माणसाक सांभाळून घी. जाळा फाटू देव नको, आणि माणूस जाळ्यात अडकान रवू देव नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

या खेपेला तीन आवाज होते. मी डोळे उघडले. तुमचे आजोबा उभे होते. उजवा हात छातीशी धरलेला, जोडायला दुसरा नसल्यामुळे एकटाच, डावा खुर्चीच्या हातावर लोंबकळत, आणि डोळे मिटलेले. ते कधी उठले ते मी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. शेजाऱ्याला ते कळलं होतं की नाही देव जाणे, पण त्याने गाऱ्हाणं घाईने संपवलं नाही. वाडीची, होड्यांची, गुरांची, सगळ्यांची नावं घेऊन रीतसर पुरं केलं. आजोबा शेवटपर्यंत उभे होते. मग सावकाश खाली बसले. स्वतः बसले.

मी विचारलं, कसे उठलात? ते जरा ओशाळून म्हणाले, देवासमोर बसून कसं राहायचं?

दुसऱ्या दिवसापासून माझं मोजणं बंद झालं. दहा वेळा उठायचं म्हणजे दहा गाऱ्हाणी घालायची. पहिले काही दिवस शेजारी घालायचा. नारळी पौर्णिमेनंतर तो समुद्रावर जायला लागला आणि ते काम माझ्यावर आलं. मला तोवर पूर्ण गाऱ्हाणं येत नव्हतं. मी वहीत लिहून काढलं, पाठ केलं, उच्चार शेजारणीने दुरुस्त केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला दुरुस्त करत होती आणि तिने ती संधी अजिबात सोडली नाही. कधी पाटी घेऊन येताना बाहेरूनच ऐकायची आणि म्हणायची, “दिसाक धा गाराणी घातल्यात तर देवच उठान चलाक लागतलो.” देवाकडे मागायचं तरी किती? सगळं मागून झाल्यावर मी तुमच्या परीक्षांसाठी मागायला लागले, मग मांजरासाठी. आजोबा हसत हसत उठायचे आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात मी गाऱ्हाण्याचा पहिला शब्द काढायच्या आत ते उठायला लागले.

फोनवर तुमच्या बाबांना मी हे सांगितलं नाही. आजोबांनीच सांगू दिलं नाही. ते म्हणाले, येऊ दे त्याला.

तुमचे बाबा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आले. तुमची शाळा होती म्हणून तुम्ही आला नव्हता. रिक्षा माडांच्या आगराबाहेर थांबली. आजोबा पडवीत खुर्चीवर बसले होते. बाबा पायऱ्या चढून वर आले आणि आजोबा उठून उभे राहिले. बाबांनी पुढे होऊन त्यांना धरलं, मग सोडलं, मग परत धरलं. रात्री जेवताना मात्र ते माझ्यापाशी म्हणाले की हे सगळं चांगलंच आहे, पण पुण्यातली जागा धरून ठेवली आहे, पुन्हा काही झालं तर इथे डॉक्टर किती लांब. त्यांच्या खिशात त्या ठिकाणचे कागद होते. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं असतं. त्या वर्षी ते कोण घालणार, हा विषय कोणी काढला नव्हता. आरती संपली. माजघरात आम्ही घरचे, शेजारी, शेजारीण आणि वाडीतली दहा-पंधरा माणसं होतो. आजोबांची खुर्ची मखरासमोर ठेवली होती. ते उठले, एक हात खुर्चीच्या हातावर ठेवून, आणि सुरू केलं. जीभ जड होती, पण वाक्यं पुरी होत होती. वाडीला सुखी ठेव. होड्यांना सांभाळ. परदेशातल्या नातवंडांना विद्या दे. प्रत्येक वेळी आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. तुमचे बाबाही म्हणत होते. इतकी वर्षं बाहेर राहूनही त्यांचा आवाज बरोबर वेळेवर येत होता.

मग आजोबा म्हणाले, “आणि ह्या म्हाताऱ्याक ह्या घरातसून खंय हलवू नको म्हाराजा.”

वाडीतल्या सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा.” तुमच्या बाबांचे ओठ हलले नाहीत. त्यांनी डोळे उघडून वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गणपतीकडे बघत होते. आजोबा पुढचं वाक्य बोलेनात. हात छातीशी धरून ते थांबले होते, आणि ते थांबले म्हणून सगळेच थांबले. शेवटी शेजाऱ्यानेच, डोळे न उघडता, हळू आवाजात म्हटलं, “म्हण रे बाबा. तुझो बापूस किती येळ उभो रवात?”

“व्हय म्हाराजा,” तुमचे बाबा म्हणाले.

आजोबांनी मान हलवली आणि पुढचं गाऱ्हाणं चालू केलं. पावसाचं आणि भाताचं काही राहिलं होतं ते सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी पुण्याला फोन करून जागा सोडली. नंतर ते पडवीत आले, आजोबा झोपाळ्यावर होते, खुर्ची रिकामी होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बसू का? मी म्हटलं, बस की.

आजोबा त्यानंतर पाच वर्षं इथेच राहिले. खिडकीपाशी झोपले, पडवीत बसले, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आपलं आपण उठले. आता ती खुर्ची माझी झाली आहे. शेजारीण मासे घेऊन येते तेव्हा कधी ती बसते आणि मी पायरीवर.

मूळ शेवाळी कापड धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून माजघरातल्या पेटीत ठेवलं आहे, वर चिठ्ठी आहे. तुम्हाला खुर्ची हवी असेल तेव्हा तेही न्या. जाळं मात्र काढू नका. खालच्या शिक्क्याचा फोटो मागितलात तो सोबत पाठवते आहे. त्यात शिक्क्याच्या शेजारी लाल चिंधी आली आहे, ती बाजूला करून दुसरा फोटो घ्यायला सांगू नका.